इतर हक्क

आजोबा गेल्यानंतरचा सातबारा आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत पीककर्जाच्या पावत्यांखाली असायचा. शाळेत असताना मी त्यात आजीचं नाव शोधलं होतं. कब्जेदार म्हणून वडील, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. आजी आणि आत्या ‘इतर हक्क’ या रकान्यात. तिथंच खाली सोसायटीचा बोजा. खुरपणीपासून कापूस वेचणीपर्यंत सगळं रान आजीच्या हाताखालून जायचं, आणि कागदावर ती कर्जाच्या शेजारी!

पुढे आईची पाळी आली. तिचे वडील वारले आणि मामा गाडी घेऊन आले. १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात तिचा वाटा होताच. निबंधकाच्या ऑफिसात तिला विचारलं, “राजीखुशीनं सोडताय ना?” तिनं हो म्हटलं, अंगठा उठवला, शाई पदराला पुसली. येताना मामांनी साडी घेतली. रात्री आई म्हणाली, “भावाशी वाकडं घेऊन माहेरी कुणाच्या दारात जाऊ?” याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. जमीन देऊन तिनं ते दार उघडं ठेवलं होतं.

१९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली. हक्कसोडपत्रं मात्र थांबली नाहीत. मला त्याहून मोलाची वाटते ती शरद जोशींची लक्ष्मीमुक्ती. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेच्या हाकेवर गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. लेकीचा हक्क निदान कायद्यात तरी आला. सुनेच्या घामाचा विचार कोण करतं?

वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, आईबापाचं सगळं आम्हीच केलं ना?” खरंच केलं. पण वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, भांडं देणं, रात्री-अपरात्री उठणं वहिनीनं केलं. आणि तिनं स्वतःच्या माहेरी कधीच सही देऊन टाकलेली. ना त्या उताऱ्यावर नाव, ना या.

“करणाऱ्याला जमीन मिळावी हे मलाही पटतं,” मी म्हटलं. “माझा हिस्सा वहिनीला देते. हक्कसोड तिच्या नावे होत नाही, ती हिस्सेदार नाही. बक्षीसपत्र करू, मुद्रांकाचे पैसे मी भरते.”

भावाला ते रुचलं नाही. “घरात काय तिचं-माझं?” असं तो म्हणत असतानाच वहिनी कणकेच्या हातानं बाहेर आली.

“विहिरीकडचं देणार की माळाचं?” तिनं विचारलं.

“विहिरीकडचं,” मी म्हटलं.