स्मृतीचे चित्र

विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. चष्मा कोठे ठेवला, दूधवाल्याचे पैसे दिले की नाही, हे कोण विसरत नाही? परंतु विसर पडणे वेगळे आणि स्मृती क्षीण होणे वेगळे. या दोहोंमधील सीमारेषा किती पुसट असते, हे मला मावशीमुळे समजले.

चौथीपर्यंत शिकलेली मावशी लग्नानंतर बेंगळुरूला गेली. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारणीशी तमिळ, असा तिचा पन्नास वर्षांचा संसार. सत्तरीनंतर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागली. स्वयंपाक व पैशांचा व्यवहार मात्र पूर्वीसारखाच चाले. डॉक्टरांनी या अवस्थेला 'सौम्य स्मृतिदोष' म्हटले. अशा काही व्यक्तींना पुढे स्मृतिभ्रंश होतो. काही वर्षानुवर्षे तशाच राहतात, तर काही सुधारतातही.

१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत रुग्णेच्या मेंदूत आढळलेल्या पुंजक्यांचे व गुंत्यांचे वर्णन केले. ते प्रथिनांचे असतात, हे पुढे सिद्ध झाले. जे तेव्हा मृत्यूनंतरच दिसे, ते आता 'पेट स्कॅन'मुळे जिवंतपणी दिसते. अमायलॉइड या प्रथिनाला चिकटणारे किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि त्याचे साठे चित्रात उमटतात. दुसऱ्या चित्रात मेंदू ग्लुकोज किती वापरतो, ते कळते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. पहिले चित्र केर कोठे साचला ते सांगते, तर दुसरे चूल कोठे मंदावली ते.

तरीही हे चित्र म्हणजे भविष्य नव्हे. असे साठे असूनही काही वृद्धांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते. "चित्र काढल्याने विसर थांबणार आहे का?" असे विचारून मावशीने ती तपासणी नाकारली. तो तिचा अधिकार होता.

स्मृतीच्या अनेक चाचण्यांत लिहावे लागते, वजाबाकी करावी लागते. शाळा न पाहिलेल्या माणसाची चूक म्हणजे रोग, असे समजणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ग्रामस्थांचा जो दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, तो मला मोलाचा वाटतो.

डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादेत ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात आढळले. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. पुढे त्या बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आल्या.

हे मी मावशीला सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, "म्हणजे भाजीवालीशी कन्नडमध्ये इतकी वर्षे केलेली घासाघीस फुकट गेली नाही म्हणायची!"