दलदलीचा तळ

शेमस हीनी यांची ‘बॉगलँड’ ही कविता मी अनेक वर्षे वर्गात शिकवली. १९६९ च्या ‘डोअर इन्टू द डार्क’ या संग्रहातील ह्या कवितेत कवीला आयर्लंडची दलदल अथांग वाटते. दलदल म्हणजे एका समाजाची स्मृती, असे मी सांगे आणि विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेत. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही दलदल कशाची बनलेली असते?” “चिखलाची,” असे म्हणून मी पुढच्या कडव्याकडे वळलो.

उत्तर चूक होते, हे निवृत्तीनंतर उमगले. ती दलदल प्रामुख्याने एका शेवाळाची बनलेली असते. स्फॅग्नम त्याचे नाव. त्याला मुळे नसतात. पानांतील पोकळ, मृत पेशींत ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आम्ल करते. त्यामुळे कुजणे मंदावते. खालचा भाग मरतो, शेंडा वाढत राहतो. वर्षाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे सहस्रकात जेमतेम मीटरभर, अशा गतीने ‘पीट’ साचते. डेन्मार्कमध्ये १९५० साली सापडलेल्या टोलुंड मानवाचा चेहरा दोन हजारांहून अधिक वर्षे टिकला, तो अशाच दलदलीच्या कुशीत.

आयर्लंड आणि ब्रिटनमधील घुमटाकार दलदलींचे जुने थर रचण्यात स्फॅग्नम ऑस्टिनी या तांबूस शेवाळाचा मोठा वाटा होता. आज अनेक दलदलींत त्याचे अवशेष खालच्या थरांत सापडतात, पृष्ठभागावर मात्र ते उरलेले नाही. त्याची घट काही शतकांपूर्वीच सुरू झाली. पुढे चर खणून पाण्याचा निचरा झाला, आगी लागल्या, जळणासाठी पीट कापले गेले. आयर्लंडच्या मध्यभागात तर यंत्रांनी विसाव्या शतकात ठिकठिकाणी दलदल जवळजवळ तळापर्यंत खरवडली. कवीला अथांग वाटलेल्या त्या भूमीला तळ होता.

तेथील ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये पीटचे उत्खनन कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. ऑफली काउंटीतील क्लारा बॉगसारख्या राखीव दलदलीत जुन्या चरांना बांध घालण्यात आले. संवर्धनाचे मुख्य काम एवढेच: पाणी अडवायचे, आणि शेवाळाला त्याच्या गतीने वाढू द्यायचे.

परंपरेविषयी मी पुष्कळ लिहिले, तेही बहुधा खालच्या थरांविषयीच. ते थर ओले ठेवणारी वरची वीतभर जिवंत साय माझ्या समीक्षेत क्वचितच आली. स्मृती आपोआप टिकते, असे मी गृहीत धरले होते. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नव्हता. तो कवितेचाच होता. तो मी टाळला, याची खंत आज वाटते.