नंबर कितवा?

शाळेंतून निकाल घेऊन येणाऱ्या मुलास ‘नंबर कितवा?’ असें विचारणें हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. जॉन वुडन या अमेरिकन शिक्षकाचें चरित्र वाचल्यापासून मात्र हा प्रश्न आमच्या घशांत अडखळूं लागला आहे.

वुडन हे लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत बास्केटबॉलचे मार्गदर्शक होते. हंगामाच्या आरंभीं नवे खेळाडू जमत. त्यांतले कित्येक शाळेपासूनच नांवाजलेले. आतां कांहीं गूढ डावपेंच ऐकावयास मिळतील म्हणून उत्सुक झालेले. आणि गुरुजी त्यांस शिकवीत काय, तर पायांत मोजे कसे घालावे! सुरकुती राहिली कीं फोड येतो, फोड आला कीं पाऊल अडखळतें, आणि मग सामना हातचा जातो. आपल्या हातीं पायमोजे आहेत, निकाल नाहीं, हेंच जणूं ते सुचवीत.

मुळांत हे गृहस्थ इंग्रजीचे मास्तर. मुलांना कमी गुण पडले म्हणून नाराज होणारे आईबाप पाहून 1934 च्या सुमारास त्यांनीं यशाची स्वतःची व्याख्या केली: अंगीं असलेलें सारें सामर्थ्य आपण पणास लावलें, या जाणिवेनें लाभणारें मनाचें समाधान म्हणजे यश.

1947 सालीं ते इंडियाना राज्यांतील एका अध्यापक महाविद्यालयांत असतां त्यांच्या संघास एका राष्ट्रीय स्पर्धेचें निमंत्रण आलें. परंतु तेथें कृष्णवर्णीयांस मज्जाव होता, आणि संघांत क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वुडन यांनीं निमंत्रणच नाकारलें. पुढील वर्षीं ती बंदी उठली, वॉकर खेळला, आणि संघ अंतिम सामना हरला. आम्हांस तो पराभव त्यांच्या अनेक विजयांहून थोर वाटतो.

त्याच वर्षीं, 1948 मध्यें, ते लॉस अँजेलिसला गेले. पण पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळावयास 1964 साल उजाडलें. त्यापुढें मात्र 1975 मध्यें निवृत्त होईपर्यंत 12 वर्षांत 10 अजिंक्यपदें, त्यांतील 7 ओळीनें, आणि एकदां तर लागोपाठ 88 सामन्यांत जय! खेळाडूंवर मेहेरबानी करणाऱ्या एका धनिकाकडे त्यांनीं डोळेझांक केली, असा आक्षेप पुढें घेतला गेला; तो झांकून ठेवणें त्यांच्याच शिकवणीस शोभणार नाहीं. 2010 सालीं, शंभरी भरण्यास कांहीं महिने उरले असतां, ते वारले. त्यांचे शिष्य करीम अब्दुल-जब्बार यांनीं 2017 मध्यें गुरुशिष्यांच्या स्नेहावर एक ग्रंथच लिहिला. ढालींना गंज चढतो. असा स्नेह टिकतो.

परवां आमचा मुलगा निकाल घेऊन आला. नेहमींचा प्रश्न गिळून आम्हीं विचारलें, “अभ्यास मनापासून केला होतास ना?” तो गोंधळून आमच्याकडे पाहूं लागला. दोष त्याचा नव्हे. हा प्रश्न आम्हीं त्यास आजवर कधीं विचारलाच नव्हता.