नऊ हजारांत कोणती लेन्स?

आम्ही नवरा-बायको कवठे महांकाळला राहतो. एकाचे काम हंगामात बेदाण्याच्या शेडवर, दुसरीचे बारमाही शिलाई मशीनवर. थोरली लेक बी.ए.ला आहे. तिला फोटोचा नाद. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या एका फोटोग्राफरने नवा मिररलेस कॅमेरा घेतला आणि जुना कॅनन १३००डी विकायला काढला. आमचा भिशीचा नंबर नुकताच लागला होता, तो पैसा त्यात गेला. कॅमेऱ्यासोबत १८-५५ची लेन्स आली. तिला किट लेन्स म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळले.

लेकीला पहिली ऑर्डर मिळाली ती नात्यातल्याच साखरपुड्याची. रात्री आठची वेळ, घरातला कार्यक्रम, दोन ट्यूबलाइट. फ्लॅश मारला की चेहरे पांढरेफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली. नाही मारला तर सगळे हललेले. नवरी हसते आहे की रडते आहे, कळू नये. नातलग माणसे, कोणी तोंडावर काही बोलले नाही. ठरलेले पैसेही दिले. पण अल्बमचा विषय निघाला होता, तो पुन्हा कोणी काढला नाही. लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला लेन्स पाहिजे."

आमच्याकडे नऊ हजार रुपये होते, त्या हंगामाच्या मजुरीतले. तेवढ्यात एकच लेन्स येणार होती.

आता आमचे मत विचाराल तर आम्हाला मोठी लेन्स हवी होती. टेलिफोटो, लांबचे जवळ आणणारी. त्याचे खरे कारण सांगायला हरकत नाही. लग्नात ज्या फोटोग्राफरची लेन्स हातभर लांब, त्याला मांडवात आधी चहा मिळतो. आपली पोर एवढीशी लेन्स लावून उभी राहिली तर लोक म्हणतील, हिला काय येतेय! लेक मात्र अडून बसली होती. आधी बघू, मग घेऊ.

ओळखीच्या एका मुलाकडे ५५-२५०ची झूम होती. ती एका रविवारपुरती मागून आणली आणि दंडोबाच्या डोंगरावर गेलो. दिवसा उजेडी त्या लेन्सने आमची मने जिंकली. तारेवर वेडा राघू बसला होता, तो कॅमेऱ्यात हिरवा गच्च दिसला. अर्थात तीस-पस्तीस फुटांवरचा तो पक्षी फोटोच्या पाचव्या हिश्शाएवढाच आला. पक्ष्यांचे फोटो म्हणजे नुसती लेन्स नव्हे, जवळ सरकत जायचा धीरही लागतो. पण साठ-पासष्ट फुटांवर उभा असलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत भरत होता. सभेला, मिरवणुकीला, शाळेच्या खेळांना हिच्यासारखी लेन्स नाही, हे तेव्हाच पटले.

संध्याकाळी घरी येऊन तीच लेन्स ट्यूबलाइटखाली लावली आणि पुन्हा तो साखरपुडाच डोळ्यांसमोर उभा राहिला.

असे का, ते लेकीने समजावून सांगितले. आम्हाला समजले तसे इथे लिहितो. लेन्सवर १.८, ३.५, ५.६ असे आकडे असतात. आकडा लहान म्हणजे भोक मोठे, उजेड जास्त. आमची किट लेन्स ५५च्या टोकाला जास्तीत जास्त ५.६पर्यंतच उघडते, आणि ती झूमही २५०च्या टोकाला ५.६च. पन्नासची साधी लेन्स १.८ उघडते. हिशोब केला तर उजेड जवळजवळ दहापट होतो. ज्या खोलीत कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवावा लागत होता, तिथे सव्वाशेवा भाग पुरतो. पंधराव्या भागात माणूस हलतो, सव्वाशेव्या भागात सहसा सापडतो. झूममध्ये हात हलला तर सावरणारी सोय असते, पण ती फोटो काढणाऱ्याच्या हातापुरती. समोरची नवरी हलली तर ती सोय काय करणार?

पोर्ट्रेटची लेन्स म्हणजे मुळात उजेडाचीच लेन्स, असे तिने वाचले होते. १८३९ साली फ्रान्समध्ये फोटोची युक्ती जाहीर झाली, तेव्हा माणसाला मिनिटेच्या मिनिटे न हलता बसावे लागे. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी १८४०मध्ये जास्त उजेड घेणारी लेन्स आखली आणि चेहऱ्याचा फोटो काढणे सोपे झाले. पावणेदोनशेहून जास्त वर्षे झाली, आमच्या दोन ट्यूबलाइटच्या खोलीत अडचण तीच.

तिने आणखी एक गोष्ट केली, जी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने करावी असे आम्हाला वाटते. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत लेन्स किती एमएमवर होती ते लिहून ठेवतो. तिने जुने सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडून पाहिले. बहुतेक चेहऱ्यांचे, बहुतेक घरातले, आणि झूम ५०-५५ला टेकलेली. दुकानदार काय सांगतो यापेक्षा आपलेच फोटो काय सांगतात ते बघावे.

मग जागेचा प्रश्न. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. १३००डीसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे पन्नासची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ऐंशीसारखी दिसते. साडेसहा फुटांवरून उभ्या फोटोत माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत येतो. पोर्ट्रेटसाठी नावाजलेली ८५ची लेन्स घेतली असती तर त्याच फोटोला अकरा फूट मागे जावे लागले असते, म्हणजे भिंतीला पाठ लावून. मोठ्या बंगल्यात ८५ शोभते. आपल्या घरांना पन्नास पुरते. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो हवा असेल तर मात्र पन्नासलाही चौदा फूट लागतात, मग अंगणात या.

आणि रंगाचे बोलायचे राहिले. ते आमच्या जिव्हाळ्याचे आहे. आमच्या आई सत्तरीच्या पुढच्या, उन्हात राबलेल्या, काळ्यासावळ्या. त्यांचा एक फोटो घरात आहे, स्टुडिओतला. त्यात पावडर फासून, वर फ्लॅश मारून त्यांना असे उजळ केले आहे की नातवंडे विचारतात, ही कोण? फोटोतला काळा माणूस म्हणजे दुरुस्त करायची चूक, असे ज्यांना वाटते ते फक्त आपल्याच गावात नाहीत. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवीत असे, 'शर्ली कार्ड' म्हणून. तिचा चेहरा नीट आला की रंग बरोबर! फिल्ममध्ये पुढे सुधारणा झाली त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असे कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी नोंदवले आहे. चॉकलेटचा तपकिरी रंग बिघडलेला मात्र चालत नव्हता.

आजचे कॅमेरे पुष्कळ सुधारले, पण मागे चुन्याची पांढरी भिंत असली की कॅमेरा सगळे चित्र दाबतो आणि चेहरा काळोखात जातो. तेव्हा उजेडाचा काटा एक घर अधिककडे सरकवावा लागतो. आणि जास्त उघडणारी लेन्स असेल तर फ्लॅश न मारता दाराच्या उजेडात रंग आहे तसा येतो. इथे आमची मोठी लेन्स मनातून उतरली.

नवी घ्यायची की जुनी, यावर पुन्हा आठवडा गेला. जुनी लेन्स घेणाऱ्यांनी मोबाइलची बॅटरी आतून पाडून बघावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी, हात लावू नये. आपल्या दुष्काळी भागात बुरशीपेक्षा धूळ जास्त, पण लेन्स कोकणातून आलेली असू शकते. थोडी धूळ चालते. लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसते का, हे दुकानातच लावून बघावे. कॅननच्या नव्या मिररलेसच्या आरएफ लेन्स आमच्यासारख्या जुन्या कॅमेऱ्याला बसतच नाहीत. निकॉनवाल्यांची अडचण वेगळी. डी३४००, डी५६००सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी '५०एमएम डी' लेन्स स्वस्त मिळाली तरी फोकस हाताने फिरवत बसावे लागते. लेकीच्या मैत्रिणीला एका दुकानात हे न सांगताच ती लेन्स दिली, आणि परत घ्यायलाही तयार नव्हते.

शेवटी कॅननची पन्नास १.८ एसटीएम घेतली, २०१५ साली आलेले मॉडेल, थोडी वापरलेली. नऊ हजारांतून पैसे उरले, त्यात एक मेमरी कार्ड आले. डबी उघडून पाहिली आणि आमचे तोंड उतरले. वजन १६० ग्रॅम. पावशेर बेदाणासुद्धा याहून जड! एवढ्याशासाठी हंगामाची मजुरी?

पहिले फोटो बिघडलेही. १.८वर दोन भावंडे शेजारी बसवली तर एक स्पष्ट, दुसरे धुक्यात. एकटा चेहरा असेल तर १.८ किंवा २, आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. दोघे-तिघे असतील तर ४पर्यंत बंद करायचे, हे शिकायला महिना गेला. शेडवर काढलेले फोटो तर सगळे हिरवे आले, कारण बाजूच्या हिरव्या जाळीतून येणारा उजेडच हिरवा. बायका हसून हसून लोळल्या. मग सगळ्यांना शेडच्या तोंडाशी आणून पुन्हा काढले.

आईंचा फोटो मात्र पहिल्या फटक्यात आला. सकाळी दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर आत बसवले, पावडर नाही, फ्लॅश नाही. लेकीने छापून आणला. आईंनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, मग जवळ आणला.

"आगं, माजं गोंदण दिसाय लागलं की!"

कपाळावरचे आणि हनुवटीवरचे हिरवे ठिपके. लहानपणी गोंदलेले, सुरकुत्यांत फिके झालेले, आणि स्टुडिओच्या फोटोत पार पुसून गेलेले. आम्हीही इतकी वर्षे रोज बघत होतो आणि बघत नव्हतो. आईंनी बोटाने एकेक ठिपका मोजला. मग म्हणाल्या, "त्यो दुसरा काढा आता भित्तीवरनं."

तो काढला. साखरपुडा झालेल्या त्याच घरी बारशाला लेकीने फोटो काढून दिले, पैसे न घेता. यंदाच्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे काम तिला सांगितले आहे. तिथे पन्नास पुरणार नाही, ती जाणून आहे. त्या मुलाची २५०ची झूम एका दिवसासाठी भाड्याने घ्यायचे ठरवले आहे. फुकट नको, भाडेच दे, असे आम्हीच सांगितले. आणि खरे सांगायचे तर, ती लांब लेन्स लावून ती मिरवणुकीपुढे चालेल तेव्हा आम्ही बाजूला उभे राहून बघणार आहोत.