भाच्याची पहिली गरी

कोंकणांत मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे शेतकरी नांगराकडे पाहतो, गृहिणी गळक्या कौलांकडे पाहते, आणि आमच्यासारखे कांहीं निरुद्योगी लोक वहाळाकडे पाहतात. आमचें गांव संगमेश्वर तालुक्यांत, शास्त्री नदीच्या खोऱ्यांत आहे. ही नदी प्रचितगडाच्या परिसरांत सह्याद्रींत उगम पावून जयगडाजवळ समुद्रास मिळते, असें भूगोल सांगतो. परंतु आमच्या लेखीं ती घरामागच्या वहाळापाशींच सुरू होते व तेथेंच संपते.

वाचकहो, चढणीचे मासे आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले नसतील. जूनमध्यें दोनतीन दिवस धुवांधार वृष्टि होऊन नदी गढूळ झाली व फुगली, कीं मासे प्रवाहाच्या उलट दिशेनें वर निघतात. नदींतून वहाळांत, वहाळांतून पाटांत आणि पाटांतून थेट भाताच्या खाचरांत! ठाण्या-रायगडाकडे ह्यासच वलगण म्हणतात. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, ह्या रात्रींचें विलक्षण वेड होतें. आभाळ गडगडूं लागलें कीं ते भरल्या पानावरून उठत. डोक्यावर इरलें, एका हातांत बत्ती, दुसऱ्या हातांत कोयता, आणि मागें टोपली सांवरीत धडपडणारे आम्ही. बांधावरून पडणाऱ्या पाण्याच्या धारेंत एखादा मळ्या उसळी घेई, बत्तीच्या उजेडांत क्षणभर लखलखे, आणि आबा "अरे, धर धर!" म्हणून असे ओरडत, कीं त्यांच्या वयाचा आम्हांस विसर पडे. मध्यरात्रीं टोपली भरून घरीं येत असूं. एरवीं मितभाषी असलेला हा गृहस्थ त्या एका रात्रीं वर्षभराचें बोलून घेई.

हाच आनंद आपल्या भाच्यास द्यावा, असें आम्हीं ठरविलें. मुलगा नऊ वर्षांचा, पुण्यास राहणारा. मासा त्याला ताटांत ठाऊक होता, पाण्यांत नव्हे. सुट्टी संपण्यास चार दिवस उरले असतां पावसानें जोर धरला. आमची भगिनी म्हणाली, "दादा, त्याला ताप आला तर त्याच्या शाळेंत तूंच जाऊन बैस!" पण मामाच्या आणि भाच्याच्या कटापुढें आईचें कांहीं चालत नाहीं.

दोन तास आम्ही चिखलांत उभे होतों. बत्तीच्या जागीं आतां विजेरी आली आहे, एवढाच फरक, असें आम्ही मनाशीं म्हणत होतों; पण फरक टोपलींत होता. मोजून पांच मासे मिळाले. भाच्याला मात्र ते पांच म्हणजे पांचशें. त्यानें टोपली कोणास उचलूं दिली नाहीं.

घरीं बहिणीनें विळी घेतली. पहिल्या माशाच्या पोटांतून गाभोळी निघाली, दुसऱ्याच्या निघाली, पांचांपैकीं चारांच्या निघाली. भाचा जवळ बसून तीं बारीक अंडीं बोटानें मोजूं लागला व थोड्याच वेळानें थांबला.

"मामा, हीं सगळीं पिल्लें होणार होतीं?"

"सगळीं नाहीं, पण पुष्कळ."

"मग ते वर कशाला चालले होते?"

"अंडीं घालायला."

"मग आपण त्यांना वाटेंतच कां पकडलें?"

आम्ही म्हणालों, "आधीं जेव, सार निवेल." तो जेवला, चांगला पोटभर जेवला. त्यानें अन्न टाकून आम्हांस धडा शिकविला असें लिहिलें असतें, तर गोष्ट अधिक शोभली असती. पण तसें घडलें नाहीं. मुलें आपल्याइतकीं ढोंगी नसतात. झोंप उडाली ती आमची.

कारण उत्तर आम्हांस ठाऊक होतें. खाचरांतील उथळ पाण्यांत मासे अंडीं घालतात. तेथेंच पिल्लें किडामुंगी खाऊन वाढतात आणि पाणी ओसरतांना तीं नदीस परत येतात. एकेका मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात. समुद्रावर ह्याच कारणास्तव १९८१ च्या कायद्याच्या आधारें यांत्रिक नौकांस पावसाळ्यांत बंदी असते. अलीकडच्या वर्षांत ती १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पाळली जाते. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून मगच होड्या लोटण्याची कोळ्यांची रीत तर कायद्याहून फार जुनी. आमच्या वहाळास मात्र ना कायदा आठवला, ना नारळ. टोपली रिकामी होण्यास एकटा कोयता कारण नव्हे. कोणी पाण्यांत विष कालवितो, कोणी सुरुंग लावितो, कोणी नदीची वाळू उपसून नेतो. इतरांचीं पापें आम्हांस तोंडपाठ होतीं. परंतु त्या यादींत आबांची ती भरलेली टोपलीहि कोठें तरी बसते, हें मनाशीं कबूल करणें फार जड गेलें. त्यांच्याविषयींच्या आमच्या सर्वांत गोड आठवणीवर एका नऊ वर्षांच्या पोरानें बोट ठेविलें होतें.

दिवाळीच्या सुट्टींत भाचा पुन्हां आला. पाणी निवळलें होतें, भातें कापणीस आलीं होतीं. ह्या खेपेस आम्हीं कोयता खुंटीवर ठेवून गरी तयार केली. चिव्याची सरळ काठी, तिला दोरा, दोऱ्यास शिशाचा तुकडा व गळ, आणि वर तरंगण्यास मोरपिसाचा देठ. गोठ्यामागील उकिरड्यांत गांडुळें खणतांना चिरंजिवांनीं प्रथम नाक मुरडलें. पण दहाव्या मिनिटास तींच गांडुळें त्यांनीं सदऱ्याच्या खिशांत घातलीं. त्याचा हिशेब बहिणीनें पुढें आमच्याकडून वसूल केला.

नदीकांठीं पहिला पाठ असा, कीं आपली सांवली पाण्यावर पडूं द्यावयाची नाहीं. दुसरा, पाय आपटावयाचे नाहींत. जमिनीचा हादरा पाण्यांत पोंचतो व माशाच्या अंगावरील रेषेला तो कळतो. तिसरा पाठ गप्प बसण्याचा, आणि तोच सर्वांत कठीण. पहिल्या तासांत आम्हांस कांहीं मिळालें नाहीं. समोरच्या फांदीवरील खंड्यानें तेवढ्यांत दोन मासे नेले. "त्याला गांडूळहि लागत नाहीं," भाचा खिन्नपणें म्हणाला.

मग पीस बुडालें! त्यानें काठी अशी उपटली, कीं गळ डोक्यावरच्या करंजाच्या फांदींत जाऊन अडकला. तो सोडविण्यास ह्या वयांत आम्हांस झाडावर चढावें लागलें. पुढच्या वेळीं शिंगटी लागली. "थांब, हात लावूं नको," असें आम्ही म्हणेपर्यंत तिचा कांटा त्याच्या अंगठ्यांत गेला होता. डोळ्यांत पाणी आलें, पण तोंडांतून शब्द निघाला नाहीं. मासे पळतील, हें भय! त्या क्षणीं आम्हांस तो आबांचा नातू वाटला.

ऊन कलतां कलतां एक खवळ लागला, त्याच्या वितीएवढा. दोन्ही हातांत धरून त्यानें तो उलटा केला.

"ह्याच्या पोटांत आहेत का?"

"नाहीं. तो मोसम केव्हांच गेला."

तेव्हां त्यानें तो टोपलींत ठेविला. त्या एका माशाचे तुकडे घरांतील सहा माणसांनीं खाल्ले, आणि कसा झाला आहे, हें त्यानें प्रत्येकाला दोनदां विचारलें.

पुढच्या मृगांत पाऊस लागला त्या रात्रीं पुण्याहून दूरध्वनि आला. "मामा, चढले का?" आम्ही इरलें घेऊन रिकाम्या हातानें बांधावर जाऊन उभे राहिलों. शेजारचे दोघेजण कोयते घेऊन चालले होते, "काय दादा, टोपली विसरलांत कीं काय?" म्हणून ते हंसले. विजेरीच्या उजेडांत पाण्याच्या धारेंतून एक मळ्या उसळला, पडला, पुन्हां उसळला आणि खाचरांत दिसेनासा झाला. "अरे, धर धर!" हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले होते.

घरीं येऊन त्याला सांगितलें, "सात पाहिले."

"पकडले नाहींत ना?"

"नाहीं."

"बरं, मग दिवाळीला मोठी काठी करून ठेवा. ह्या वेळीं मी करंजाखालीं बसणार नाहीं."