समेनंतरचा लेहरा

वडील आमचे गुरू. ते गेल्यावर दर गुरुपौर्णिमेला त्यांच्या तसबिरीपुढे दादाने पेटीवर लेहरा धरायचा आणि मी तबला वाजवायचा, असा घरचा शिरस्ता पडला. दादा न्यू जर्सीला असतो. पण रजा काढून तो त्या सुमारास पुण्याला येई. २०२० साली नेहमीची विमाने बंद होती. आई म्हणाली, "रोज फोनवर बोलता, तसे वाजवा की!"

तालमीला बसल्यावर पहिल्याच दिवशी फजिती झाली. संभाषणासाठी घडवलेल्या त्या यंत्रणेला पेटीचा अखंड सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटे. ती तो गाळून टाकी. ती सोय बंद केली, तेव्हा खरी अडचण दिसली. मध्यलयीतला तीनताल दहा-बारा आवर्तनांत पार ढिला पडे. दोघेही एकमेकांना लयीवरून दटावू लागलो. वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. त्याचा सूर मला उशिरा ऐकू येई, मी त्याच्याशी जुळवून घेई. माझा ठेका त्याच्यापर्यंत आणखी उशिरा जाई आणि तो माझ्यासाठी रेंगाळे.

समोरासमोर बसलेल्या साथीदाराचा आवाजही तत्क्षणी येत नाही. साडेतीन मीटरांना सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. तेवढे कान पोटात घालतो. पंचवीस-तीसच्या पुढे मात्र लय डळमळू लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. आमच्यातले अंतर बारा हजार किलोमीटरांहून अधिक. म्हणजे सरळ वाटेनेही एका फेरीला साठ मिलिसेकंद हवेतच. २००५ साली आलेल्या 'निंजॅम'ने यावर नामी युक्ती काढली होती. उशीर टाळायचा नाही, उलट पूर्ण आवर्तनाएवढा वाढवायचा आणि दुसऱ्याचे मागचे आवर्तन ऐकत आपले पुढचे वाजवायचे. हिशेब बिनचूक, पण माझी तिहाई समेवर पडताना दादा तिच्या आधीचेच काही ऐकत असणार, हे मनाला पटेना.

अखेर दादानेच तोड काढली. "तू मला ऐक. मी तुला ऐकणार नाही."

५ जुलैला, आमच्या संध्याकाळी आणि त्याच्या सकाळी, त्याने आमच्याकडचा आवाज बंद केला आणि लेहरा धरला. तो केव्हाही निघालेला असो, माझ्या खोलीत पोहोचे तेव्हा तबला त्याच्याशी चोख जुळे. लेहरा धरणाऱ्याने तबलजीमागे वाहवत जायचे नाही, हा नियमच आहे. परंतु कायदा, पलटे, तिहाई कानी पडणे ही त्याची बिदागी असते. दादाने तीही सोडली होती. साथ म्हणजे परस्परांना ऐकणे, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या दिवशी मला मिळालेली साथ मात्र मला न ऐकणाऱ्याची होती.

शेवटची चक्रदार घेऊन समेवर आलो आणि ठरल्याप्रमाणे हात वर केला. ते चित्र त्याच्यापर्यंत जाऊन त्याचे थांबणे परत येईपर्यंत लेहरा एकटाच पुढे वाजत राहिला. जेमतेम दोन-तीन मात्रा. एरवी मी त्याला चूक म्हटले असते. आई मात्र डोळे मिटून तेवढेही ऐकत होती.