पैनगंगेच्या उत्तर तीरावरून

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेल्या वाशीम नगरातील पद्मतीर्थ पाहून हिंगोलीच्या सडकेने दक्षिणेस निघाले, म्हणजे सोयाबीन-तुरीची काळी राने मागे टाकीत टाकीत प्रवासी कन्हेरगाव नाक्याच्या आसपास पैनगंगेपाशी येऊन ठेपतो. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, तेव्हापासून हिच्या उत्तरेस इंग्रजी अंमल व दक्षिणेस मोगलाई, अशी व्यवस्था 1947 पर्यंत चालली. बुलढाण्याकडील अजिंठ्याच्या रांगांत उगम पावलेली ही नदी मात्र दोन्ही अंमलांशी सारख्याच लहरीने वागे. श्रावणात काठ पोखरावेत आणि वैशाखात डोहांपुरते उरावे, हाच तिचा शिरस्ता.

तो शिरस्ता मोडला पुसद तालुक्यातील इसापूरने. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे तेथील मातीचे धरण 1982 च्या सुमारास पुरे झाले, हिंगोली, नांदेड आणि यवतमाळच्या शिवारांना कालवे लाभले, आणि नदीचे पाणी धरणाच्या खात्यावर जमा धरले गेल्याने वरच्या अंगाच्या वाशीमकरांना आपल्याच दारावरून वाहणारे पाणी अडविण्यास फारसा वाव उरला नाही. खालच्या धरणाने वरच्या गावांवर हुकमत गाजवावी, हा जलनियमनाचा विलक्षण न्याय होय.

पुढे वाशीमच्या सिंचन-अनुशेषाची ओरड झाली आणि चालू शतकात कोकलगाव, उकळी, जुमडा यांसारख्या ठिकाणी पात्रातच बॅरेजेसची एक मालिका उभी राहिली. यांत विस्तीर्ण बुडीत क्षेत्र नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवून पूर जाऊ द्यावा, पाऊस सरता सरता ते पाडून पात्रातच पाणी तुंबवावे, आणि शेतकऱ्याने ते मोटारपंपाने उपसावे. युक्ती सोपी, पण दरवाजे वेळेवर न उघडले तर पुराचे पाणी बाजूची कसदार माती खरवडून नेते, आणि वीज नसली तर काठावरचे पीक भरलेल्या पात्राकडे पाहत सुकते. शिवाय, वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या माशांना आणि गाळ-वाळूच्या नैसर्गिक गतीला या पायऱ्यापायऱ्यांच्या तळ्यांत स्थान कोठले?

मोठ्या धरणापेक्षा बॅरेज बरे, हे माझे मत. तथापि सरकारदप्तरी शेतीचा, शहरांचा व कारखान्यांचा हिस्सा नोंदला जातो, तसा खुद्द नदीचाही नोंदावा आणि दरवाजे उघडण्याच्या तारखा ठरविताना काठच्या ग्रामसभांना विचारावे, एवढी पाटबंधारे खात्यास विनंती आहे.